जिथे रेषा सर्वांत देखण्या होत्या: बडा शिग्रीच्या एका नकाशाचं प्रकरण

नकाशातला जो भाग मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडला होता, तोच चुकला. कागदावर ती जागा अंगठ्याएवढी. प्रत्यक्षात साधारण दीड किलोमीटर लांबीचा बर्फाचा उतार, हिमाचलातल्या लाहौलमधल्या बडा शिग्री या मोठ्या हिमनदीला वरून येऊन मिळणाऱ्या एका उपहिमनदीवरचा. कोणाला इजा झाली नाही, नकाशा घेऊन गेलेली तुकडी सुखरूप परत आली. तरी चूक कशी झाली ते मांडून ठेवतो, कारण घरबसल्या फुकटच्या उपग्रह माहितीवरून डोंगराचे नकाशे करणारे आता बरेच झालेत, आणि ही चूक त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून होईल.

मी धंद्याने प्लॅन करणारा माणूस. साताऱ्यात लहानसं ऑफिस आहे. बंगल्यांचे आराखडे, ले-आउट, उतारावरच्या प्लॉटच्या लेव्हल घेऊन कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, काढून देणं, ही रोजची कामं. तरुणपणी डोंगर बरेच हिंडलो, त्यामुळे ट्रेकवाली पोरं येतात. त्यातल्याच सात जणांनी बडा शिग्रीला जायचं ठरवलं. म्होरक्या कोरेगावकडचा शाळामास्तर, त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. बाकीची जावळी आणि वाई भागातली पोरं. सर म्हणाले, “काका, मुख्य हिमनदीची माहिती मिळते. पण आम्हाला ज्या बाजूच्या हिमनदीतून खिंडीपर्यंत जायचंय, तिचा धड नकाशा कुठे नाही. तुम्हीच करा.”

धड नकाशा का नव्हता, तेही सांगायला हवं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० शीटची रचना रेखांश-अक्षांशांच्या चौकटींवर आहे. सातारा गाव ७४ अंश रेखांशाला खेटून असल्याने एका शीटमध्ये पुरतं मावत नाही. थोडं ४७ जी/१४ वर, थोडं ४७ के/२ वर. अजिंक्यताऱ्याहून पूर्वेकडे निघालं की गावातच शीट बदलावी लागते. याच हिशेबाने, बडा शिग्री ज्यात आहे ते चंद्रा नदीचं खोरं ५२ एच मध्ये येतं. २००५ च्या नकाशा धोरणाने खुल्या आणि संरक्षण खात्याच्या अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ पासून खुल्या शीट इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागल्या, २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. पण सीमेलगतच्या हिमालयाच्या बऱ्याच शीट सामान्य माणसाच्या हाती पडत नाहीत. आम्हाला हवी होती तीही मिळाली नाही.

मग हाताशी उरलं ते असं. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली यू ५०२ मालिका, प्रमाण १:२,५०,०००, उंची फुटांत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेली पृथ्वीची उंची, म्हणजे एसआरटीएम, ३० मीटरच्या चौकोनांत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटरची छायाचित्रं. आणि आदल्या एका तुकडीने मोबाइलवर नोंदवलेला खिंडीपर्यंतचा माग. ही तुकडी दुसऱ्या बाजूने चढली होती, त्यामुळे आमच्या हिमनदीवर तिचं पाऊल पडलेलं नव्हतं.

दोन चुका ज्या पकडल्या

पहिला घोळ उंचीचा. आदल्या मागातली खिंडीची उंची आणि एसआरटीएमची उंची जमेनात. हा खेळ माझ्या ओळखीचा होता, म्हणून पोरांना घेऊन एका रविवारी अजिंक्यताऱ्यावर गेलो. नकाशावर उंची साधारण हजार मीटर. एका पोराच्या फोनवर, कुठलीही दुरुस्ती न करणाऱ्या ॲपमध्ये, साठ मीटरहून जास्त कमी. पोरगं म्हणालं, “किल्ला खचला का काय ओ?”

किल्ला जागेवरच आहे. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची मोजली जाते ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून. नकाशावरची उंची असते समुद्रसपाटीपासून. ही समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते, आणि भारतीय द्वीपकल्पाभोवती ती बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त, जगात सगळ्यांत खोल. हिमालयाखाली डोंगराच्या वजनाने ती थोडी वर ओढली जाते, म्हणून तिथला फरक साताऱ्यापेक्षा कमी. तरी दहा मजली इमारतीइतका सहज भरतो. मागातली उंची दुरुस्त केली, खिंड जुळली.

दुसरा घोळ जागेचा. जुन्या शीटा १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या गणिती आकारावर, बेतलेल्या; उपग्रहांचं सगळं डब्ल्यूजीएस-८४ या नव्या आकारावर. दोन्ही तशाच एकमेकांवर ठेवल्या तर साताऱ्यात काय नि लाहौलमध्ये काय, शंभर-दीडशे मीटरचा सरक येतो. तो काढल्यावर चंद्रेची मुख्य दरी नीट बसली. वरच्या उपहिमनद्या मात्र बसेनात. त्यात आश्चर्य नव्हतं. प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा मोजणीचा फळा, घेऊन हिंडणाऱ्या जुन्या मोजणीदाराला शिखरं लांबून साधता येत. पण वळणामागचं हिमनदीचं डोकं दिसतच नसेल, तर तो बिचारा अंदाजाने रेघ ओढणार. ती शीट मी बाजूला ठेवली.

दोन्ही घोळ पकडल्यावर मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं. पुढे जे झालं त्यात या कौतुकाचा वाटा आहे.

पहिला नकाशा

प्रमाण घेतलं १:२५,०००, कंटूर २० मीटरचे. इथेच पहिला हावरेपणा झाला. ३० मीटरचा चौकोन या प्रमाणात कागदावर १.२ मिलिमीटर होतो. म्हणजे माहितीचे दाणे डोळ्यांना दिसतील इतकं मोठं करून मी छापणार होतो. साहजिकच कंटूर करवतीच्या दात्यांसारखे आले. बंगल्याच्या प्लॅनमध्ये असे कंटूर गिऱ्हाइकाला दाखवले तर तो म्हणेल, पैसे कशाचे घेता? म्हणून उंचीचा संच एकदा मऊ केला, मग कंटूरही मऊ केले. नकाशा एकदम छापील पुस्तकातल्यासारखा दिसू लागला. त्यातही त्या उपहिमनदीच्या मधल्या टप्प्यात रेषा इतक्या सारख्या अंतरावर आल्या की सुतारानं रंधा मारलेली फळी वाटावी. दीड किलोमीटरमध्ये अंदाजे अडीचशे मीटरचा चढ, म्हणजे नऊ-दहा अंश. सरांनी तिथून दोर बांधून सरळ वर जायचं ठरवलं. कॅम्प दोनची जागा त्या टप्प्याच्या डोक्यावर.

सेंटिनेलचं चित्र मी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. जूनचं, ढग नसलेलं, पांढरंशुभ्र.

छपाई पोवई नाक्याजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे केली. पावसात आणि बर्फात कागद टिकत नाही, फ्लेक्स टिकतो, शिवाय गुंडाळून सॅकला अडकवता येतो. एक सूचना मात्र देतो: दुकानातला पोरगा फाईल ‘पानात बसवून’ छापतो, आणि चार सेंटिमीटरचा किलोमीटर पावणेचारचा होतो. मला प्लॅनवर पट्टी लावून बघायची सवय, म्हणून सापडलं. आकड्यातलं प्रमाण छापलं तरी त्याच्या जोडीला प्रमाणपट्टी छापायचीच. ती नकाशाबरोबर आक्रसते, आकडा आक्रसत नाही.

तुकडी ऑगस्टअखेर निघाली. अटल बोगद्यातून पलीकडे, मग कोकसर, छत्रू करत बातल. बातलहून चंद्रेच्या डाव्या काठाने, करचा नावाचा नाला ओलांडून हिमनदीच्या तोंडाशी. त्या नाल्याबद्दल मी नकाशावर एक निळी रेघ आणि एक घड्याळ काढलं होतं, सकाळी सहाचं. रात्री बर्फ वितळणं थांबतं, म्हणून पहाटे पाणी गुडघ्याला लागतं आणि दुपारी तेच कमरेच्या वर जातं. नकाशात वेळ दाखवायची पद्धत नसते, पण इथे ती नसती तर निळ्या रेघेचा उपयोग काय? ते घड्याळ पोरांच्या कामी आलं. नकाशाचं जे कौतुक झालं ते एवढंच.

फोन

तुकडीकडे सॅटेलाइट फोन नव्हता. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगताच येत नाही. त्यामुळे मला कळलं ते ती मनालीत परतल्यावर. फोन जावळीच्या पोराचा होता.

“काका, तुमच्या नकाशात तिथं सडा हाय ओ. आमी गेलो तर सगळं फुटल्यालं. कडा म्हणावा तर कडा न्हाय, घळ म्हणावी तर घळ न्हाय. एकेक भेग एसटी जाईल येवढी.”

तो आइसफॉल होता. सह्याद्रीच्या पोराकडे त्याला शब्द नसणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे खडक उभा तुटतो किंवा सड्यासारखा आडवा, सपाट पसरतो. सडा, कडा, घळ, सोंड, धार, खिंड एवढ्यात आपला डोंगर संपतो. हिमनदी म्हणजे वाहणारी वस्तू. बर्फाखालच्या खडकाला पायरी असली की तिच्यावरून उतरताना बर्फ ताणला जातो. खोलवरचा बर्फ दाबाखाली मेणासारखा वाकतो, पण वरचा तीसेक मीटरचा थर ठिसूळ असतो, तो वाकत नाही, फुटतो. मग आडव्या भेगा पडतात आणि भेगांच्या मध्ये घराएवढे ठोकळे उभे राहतात, कधीही कलंडतील असे. नकाशावर जिथे मी फळी रंधली होती तिथे हे सगळं होतं.

सरांनी शहाणपणा केला. एक दिवस खालून नुसतं निरखलं, दुसऱ्या दिवशी काठच्या मोरेनवरून, म्हणजे हिमनदीने बाजूला लोटलेल्या दगडगोट्यांच्या बांधावरून, वाट शोधून पाहिली. ती अर्ध्यावर ढासळलेली निघाली. खिंड सोडून दिली आणि उरलेले दिवस खालच्या भागात घालवले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चिरफाड

पोरं परतली त्या आठवड्यात ऑफिसची कामं मागे टाकून मी संच पुन्हा उघडला.

एसआरटीएमची जी आवृत्ती मी वापरली ती ‘भोकं बुजवलेली’ आवृत्ती होती. भोकं का पडतात? रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. संध्याकाळी यवतेश्वरच्या डोंगराची सावली साताऱ्यावर पडते तशी रडारचीही सावली पडते. उंच भिंतीच्या मागचं त्याला दिसत नाही. रडारकडे तोंड असलेली भिंत फार उभी असेल तर तिचा माथा पायथ्याच्या आधी नोंदला जातो आणि सगळं एकमेकांवर दुमडतं. अरुंद, उंच भिंतींमधली हिमनदी म्हणजे दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी. अशा जागी आकडाच मिळत नाही. तिसऱ्या आवृत्तीत ही भोकं प्रामुख्याने टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर या कॅमेऱ्याच्या माहितीने बुजवली आहेत. ॲस्टर उंची काढतो ती दोन कोनांतून घेतलेली चित्रं जुळवून. पांढऱ्या बर्फावर जुळवायला काही खूणच नसते, त्यामुळे तिथे त्याचे आकडे उड्या मारतात. त्या उड्यांवर मी दोनदा इस्त्री फिरवली.

या संचाबरोबर प्रत्येक चौकोनाचा आकडा कुठून आला हे सांगणारी वेगळी फाईल मिळते. मी ती उतरवून घेतली होती. उघडली नव्हती. आता उघडली, तर उपहिमनदीच्या मधोमध एक लांबोळका डाग: इथे रडारचं काही नाही. डागाची कड माझ्या सुंदर रेषांच्या कडेशी तंतोतंत जुळत होती.

वरची उंची खरी, खालची उंची खरी, मधला आकार माझा. एकूण चढ बरोबर होता, म्हणून शंका आली नाही. याचं उत्तम उदाहरण आमच्या दारात आहे. साताऱ्याहून कासला जाताना आधी यवतेश्वरचा घाट चढावा लागतो आणि मग पठारावरून बऱ्यापैकी सपाट जाता येतं. सुरुवात आणि शेवट यांची उंची घेऊन मध्ये सरळ रेघ मारली तर सगळा रस्ता एक-दीड अंशाचा निघतो, म्हणजे घाट नाहीच. सायकलवाल्याला विचारून बघा.

बाकी राहिलं जूनचं चित्र. जूनमध्ये लाहौलच्या वरच्या भागात हिवाळ्याचा बर्फ शिल्लक असतो, तो भेगा झाकतो. त्याच जागेचं आदल्या वर्षीच्या सप्टेंबरचं चित्र काढलं. लाहौल पर्जन्यछायेत असल्याने त्या दिवसांत आकाश मोकळं मिळतं. पुढ्यात केळीचं फाटलेलं पान पसरावं तशा आडव्या चिरा दिसल्या. दहा मीटरच्या चित्रातसुद्धा. पाच मिनिटांचं काम होतं ते.

खरं तर सह्याद्रीतच मी शहाणा व्हायला हवा होतो. महाबळेश्वरच्या आर्थर सीटचा कडा याच संचातून काढून बघा. पाहणारा ज्या टोकावर उभा राहायला घाबरतो तिथे कंटूर म्हणतात, उतरा की सावकाश. ३० मीटरचा चौकोन उभ्या कड्याला तिरका केल्याशिवाय सोडत नाही. पण सह्याद्रीत आपल्याला कडा कुठे आहे ते पायाने ठाऊक असतं, म्हणून नकाशाची लबाडी आपण मनातल्या मनात सुधारून घेतो. लाहौलमध्ये सुधारायला मनात काहीच नव्हतं.

दुसरा नकाशा

यावेळी उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा संच घेतला. तो टॅनडेम-एक्स या जर्मन उपग्रहजोडीच्या २०११ ते २०१५ मधल्या मोजणीवर उभा आहे. डोंगराळ भागांवरून ही जोडी वेगवेगळ्या दिशांनी अनेकदा गेली, त्यामुळे सावलीतली भोकं कमी. याच्याबरोबरही बुजवलेल्या जागांची फाईल येते. यंदा नकाशा काढायला बसण्याआधी तीच उघडली. आमच्या डागाचा बराचसा भाग भरून निघाला होता, थोडा याही संचात बुजवलेला होता. तेवढ्या जागेत एकही कंटूर काढला नाही. पांढरी सोडली आणि आत ‘मोजलेले नाही’ असं छापलं. सप्टेंबरच्या चित्रावरून भेगा हाताने गिरवल्या, एकेक.

प्रमाण उतरवून १:५०,००० केलं, कंटूर ४० मीटरचे. पोरांची नाराजी झाली, “काका, आधीचा भारी दिसत हुता.” जमिनीवरचे कंटूर तपकिरी, बर्फावरचे निळे ठेवले. स्विस नकाशांत ही पद्धत जुनीच आहे: माती तपकिरी, खडक काळा, बर्फ निळा. मला ती आजवर रंगसंगती वाटायची. तपकिरी रेघ माझ्या नातवाच्या काळातही तिथेच असेल. निळ्या रेघेची खात्री दहा वर्षांची नाही. शेजारच्या छोटा शिग्रीवर २००२ पासून दरवर्षी मोजणी चालू आहे. तिथला बर्फ सरासरीने वर्षाला साधारण अर्धा मीटर पाण्याइतका घटतो आहे. तोंडाकडे घट याहून बरीच जास्त, डोक्याकडे कमी. म्हणजे उंची नुसती खाली येत नाही, उताराचा आकारही बदलतो. म्हणून सूचीत निळ्या रेघेपुढे मोजणीची वर्षं आणि भेगांपुढे चित्राचा महिना छापला. फ्लेक्सवाल्या पोराने विचारलं, “ही एक्स्पायरी डेट का?” त्याला हो म्हणालो.

तुकडीने हिमनदीच्या खालच्या भागात जीपीएसवर साठेक बिंदू घेतले होते. ते एसआरटीएमशी ताडून बघितले तर बहुतेक बिंदू खाली. लगेच तक्ता करून ‘वीस वर्षांत बर्फ इतका खचला’ असं लिहायचा मोह झाला. लिहिलं नाही. हातातल्या जीपीएसची उंची पाच-दहा मीटरने सहज हलते. रडारच्या लहरी फेब्रुवारीच्या कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरतात, म्हणजे मुळातली उंचीच पृष्ठभागाची नाही. पोरांनी बिंदू घेतले तेही चालायला सोपं होतं तिथे, म्हणजे खोलगट जागी. तीनही चुका एका दिशेच्या नाहीत, पण वजाबाकी करून निष्कर्ष काढण्याइतक्या लहानही नाहीत. ऑफिसात लेव्हल घेताना बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून उंची मोजायची तो पक्का बिंदू, हललेला निघाला तर मी पूर्ण वही फाडतो. इथे वेगळा नियम का लावू?

आता पुढच्या सप्टेंबरला सर पुन्हा जाणार आहेत. खिंडीचा हट्ट नाही. पांढऱ्या जागेच्या दोन्ही काठांवरच्या खडकांवरून, बर्फावर पाय न ठेवता, आइसफॉलचे एकमेकांवर चढणारे फोटो घ्यायचे, असं ठरलंय. काठचे चार-पाच खडक खुणा म्हणून जीपीएसवर अर्धा-अर्धा तास बसवून मोजायचे. फोटोंवरून उतार काढायला माझ्याकडचं सॉफ्टवेअर पुरेल का, हे आम्ही गेल्या रविवारी अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेच्या कड्यावर करून पाहिलं. निम्मा कडा आला. झाडोऱ्याखालचा आला नाही. तिथेही कंटूर काढलेले नाहीत.